पोरांच्या प्रोटीनची भीती विकू नका, अंगणवाडीतल्या आठ रुपयांबद्दल बोला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत लहान मुलांच्या प्रोटीनवर अर्धं पान आलं होतं, वरून बघितलं तर लेख वाटावा असं आणि खाली कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेलं. तुमच्या पोराची वाढ खुंटली तर जबाबदार कोण, असा एकूण सूर, आणि शेवटी पावडरीचा डबा. मी बालविकास योजनेत मुख्यसेविका होते, गावाकडे सुपरवायझर मॅडम म्हणतात, आता रिटायर आहे. नोकरी बहुतेक खटाव-माण भागात झाली आणि लेक पुण्याला राहते त्यामुळे दोन्हीकडची पोरं जवळून बघते. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा पण आकडे कापू नका, कारण सगळी भीती आकडे न सांगताच विकली जाते.

तर आकडा असा. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, आयसीएमआरची म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, तिने २०२० मध्ये नवीन तक्ता काढला. त्यात एक ते तीन वर्षाच्या पोराला दिवसाला साधारण ११-१२ ग्रॅम प्रोटीन आणि चार ते सहा वर्षाच्या पोराला १६ ग्रॅमच्या आसपास असं धरलंय. त्याआधीच्या २०१० च्या तक्त्यात हेच आकडे १६.७ आणि २०.१ होते. म्हणजे गरज वाढली वाढली म्हणून जे ओरडतात त्यांनी हे बघावं, शास्त्रज्ञांनी ती उलट कमी धरलीये.

आता चार वर्षाच्या पोराचं दिवसाचं खाणं मांडून बघा. ज्वारीची छोटी अर्धी भाकरी, ३० ग्रॅम पीठ धरा, तीन ग्रॅम प्रोटीन. वाटीभर घट्ट वरण ज्यात २० ग्रॅम डाळ आहे, साधारण साडेचार. कपभर दूध, १५० मिली, त्याचे पावणेपाच. आणि गूळ घालून केलेला दाण्याच्या कुटाचा एक लाडू, १५ ग्रॅम दाणे, त्याचे पावणेचार. झाले सोळा! यात भात नाही, उसळ नाही, अंडं नाही, काहीच भारी नाही. डाळी-धान्यातलं प्रोटीन दुधा-अंड्याइतकं अंगी लागत नाही हे खरं आहे, म्हणून शाकाहारी घरात दोन-चार ग्रॅम जास्त धरा, तर रात्रीच्या खिचडीत तेवढं सहज येतं. डाळीत जे कमी असतं ते धान्यात असतं आणि धान्यात कमी असतं ते डाळीत, म्हणून वरण-भात, पिठलं-भाकरी, मटकीची उसळ-चपाती हे आपल्या आज्यांनी काही कुठला तक्ता बघून ठरवलेलं नव्हतं पण बरोबर ठरवलं होतं.

पण आता गंमत बघा, या सगळ्या खाण्याच्या कॅलरी मोजल्या तर होतात चारशेच्या आसपास. आणि त्याच तक्त्यात चार ते सहा वर्षाच्या पोराला कॅलरी लागतात १३६०. म्हणजे प्रोटीनचा कोटा भरला आणि पोट भरायचं अजून दोन तृतीयांश बाकी आहे. खरं दुखणं इथे आहे, प्रोटीनमध्ये नाही. पोटाला कमी पडलं की शरीर खाल्लेलं प्रोटीनच जाळायला घेतं, चुलीत सरपण नसलं की माणूस घरातला पाट-पोळपाट जाळायला काढेल तसं. मग तुम्ही त्या पोराला कितीही महागाची पावडर पाजा, ती वाढीला न लागता सरपणातच जाणार.

हे माझ्या पदरचं नाही बरं का. आमच्या खटाव तालुक्यातल्या बुधला जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जगभर नाव झालेले संख्याशास्त्रज्ञ, रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत सांख्यिकी विभाग त्यांनी अनेक वर्षं सांभाळला, १९७१ ला पद्मभूषण मिळालं. तो काळ असा होता की सगळ्या जगाला प्रोटीनने झपाटलं होतं. संयुक्त राष्ट्रसंघाने १९६८ मध्ये प्रोटीनचं संकट येतंय म्हणून अहवाल काढला, मासळीचं पीठ काय, शेंगदाण्याच्या पेंडीचं पीठ काय, गरीब देशातल्या पोरांना काय काय खाऊ घालायचे बेत चालले होते. सुखात्म्यांनी आपल्या देशातले आहाराचे आकडे मांडून दाखवलं की अहो ज्यांना प्रोटीन कमी पडतंय त्यातल्या बहुतेकांना मुळात जेवणच कमी पडतंय, नेहमीचं जेवण पोटभर मिळालं तर प्रोटीन त्याच्यासोबत येतं. १९७४ ला डोनाल्ड मॅक्लारेन नावाच्या डॉक्टरनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात या सगळ्या प्रोटीन मोहिमेचे वाभाडे काढले. त्यालाही पन्नास वर्षं झाली आणि आपण परत तिथेच, फरक एवढाच की तेव्हा संकट गरिबाच्या पोराचं होतं आणि आता ते सोसायटीतल्या पोराला चिकटवलंय कारण पैसे त्याच्या बापाकडे आहेत.

सुखात्म्यांचं पुढचं सगळंच मला पटतं असं नाही. कमी खाण्याशी शरीर जुळवून घेतं असंही त्यांनी नंतर मांडलं आणि मग काही लोकांनी त्याच्यावरून बुटकी असली तरी धडधाकट आहेत पोरं असं म्हणायला सुरुवात केली. ज्याने अंगणवाडीच्या काट्यावर पोरं मोजलीत तो असं म्हणणार नाही. पण प्रोटीनबद्दलचं त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलेलं आहे.

गावात काय होतं ते सांगते. आई सकाळी आठला खुरपायला जाते ती पाचला येते. पोर उठल्यावर चहा आणि त्यात बुडवून बटर नाहीतर खारी. मग अंगणवाडीत खिचडी नाहीतर उसळ, तेवढंच काय ते धड जेवण. दुपारी आजीच्या मागे लागून पाच रुपयाचा कुरकुरीत पुडा. तो खाल्ला की संध्याकाळी भूक मेलेली. रात्री आई दमून येते, भाकरी-कालवण करते आणि पोर दोन घास खाऊन झोपून जातं. यात आईचा दोष किती आणि आजीचा किती हे ज्याचं त्याने ठरवावं, मला तर त्या पुड्याचा राग येतो, दुकानात सगळ्यात खाली पोराच्या हाताला येईल अशी माळ लावतात त्याची.

आणि एक खास आपल्याकडची गोष्ट, वरणाचं पाणी. दीड-दोन वर्षाच्या लेकराला डाळ जड पडते म्हणून वरचं पाणी वाटीत काढायचं, त्यात भात कुस्करायचा आणि भरवायचं. एका घरी मी स्वतः बसून बघितलं, पातेलं थोडा वेळ न हलवता ठेवलेलं, डाळ सगळी खाली बसलेली, वर पिवळं पाणी, तेवढंच पळीने अलगद काढून पोराला आणि खालची घट्ट डाळ फोडणी देऊन मोठ्या माणसांना. प्रेमात काही कमी नव्हती, आजी मांडीवर घेऊन गोष्ट सांगत भरवत होती. पण वाटीत होतं काय, हळद आणि मीठ! डाळीचं प्रोटीन डाळीच्या गाळात असतं, पाण्यात ते नावाला उतरतं. आम्ही अंगणवाडी सेविकांना सांगायचो की घरी जाल तेव्हा काही बोलू नका, फक्त वाटी तिरकी करून बघा. वरण चमच्यावरून सरसर ओघळलं तर ते पाणी आहे, सावकाश घसरलं तर जेवण आहे. आणि वरून चमचाभर तेल नाहीतर तूप. एवढुसं पोट, एका वेळेला दोन-तीन मुठीच्या वर जात नाही, त्यामुळे जे जाईल ते घट्ट आणि स्निग्ध पाहिजे आणि दिवसातून पाच-सहा वेळा पाहिजे. एक चमचा तेलाच्या ४५ कॅलरी होतात, अशाने पोट न फुगवता पोराचं वजन वाढतं, हे करून बघितलेलं आहे.

आता पुण्याकडचं. तिथे पोरांना खायला कमी नाही, पण ज्याने पोट भरतं ते वेगळंच असतं. नातवाच्या वर्गातली एक मुलगी दिवसाला लिटरभर दूध पिते आणि जेवत नाही, आईला वाटतं दूध आहे म्हणजे सगळं आहे. अहो लिटरभर दुधात बत्तीस ग्रॅम प्रोटीन झालं, पोरीच्या गरजेच्या दुप्पट, पण लोह जवळजवळ शून्य, आणि पोट दुधानेच भरल्यावर भाजी-भाकरी खाणार कोण. अर्धा लिटर पुष्कळ झालं त्या वयाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ ची, महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षातल्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय निघाला. त्याच्या आधीच्या फेरीत ५३.८ होता. हा आकडा वाढलाय आणि यावर मात्र अर्ध्या पानाची जाहिरात कोणी देत नाही! कारण त्याला डबा विकता येत नाही, त्याला पालेभाजीवर लिंबू पिळावं लागतं, जेवणाबरोबर चहा बंद करावा लागतो आणि सहा महिन्याला जंताची गोळी द्यावी लागते.

पावडरीबद्दल पण सांगतेच. लेकीच्या घरी एक डबा होता, चॉकलेटच्या चवीचा, मी चष्मा लावून मागचं लेबल वाचलं. शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन दहाच्या आत आणि साखर तीसच्या वर. म्हणजे दोन मोठे चमचे, वीस ग्रॅम, दुधात घातले की प्रोटीन दोन ग्रॅम सुद्धा नाही आणि साखर सहा ग्रॅमच्या पुढे. दोन ग्रॅम प्रोटीन म्हणजे आठ ग्रॅम शेंगदाणे, लहान मूठभर पण नाहीत. (दाण्यावरून आठवलं, चार वर्षाच्या आतल्या पोराला अख्खे दाणे, फुटाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात, कूट करून द्या.) जावई म्हणाले आई आता हेल्थ ड्रिंक म्हणत नाहीत त्याला, नाव बदललंय. ते बरोबर आहे, २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानेच ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं की असली पेयं हेल्थ ड्रिंकच्या यादीतून काढा, कारण अन्न सुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक नावाची चीजच नाही. यादी बदलली, डब्यात काय बदललं ते डबेवाल्यांना माहिती.

ज्या पोराला खरोखर काही आजार आहे, दुधाची अॅलर्जी आहे, वजन महिनोन्महिने हलत नाही, त्याला डॉक्टर पावडर लिहून देतील तर जरूर द्या, त्यावर माझं काही म्हणणं नाही. मी बोलते ते धडधाकट पोरांबद्दल, ज्यांची आई व्हॉट्सअॅपवर दुसऱ्या आयांना विचारते की तुमचा किती ग्रॅम घेतो. त्या आयांना मी सांगते की ग्रॅम सोडा, वजन-उंचीचा तक्ता बघा, तो अंगणवाडीत फुकट मिळतो आणि तुमच्या डॉक्टरकडे पण असतो, पोराची रेघ वर चालली असेल तर तुमचं बरं चाललंय. तुमच्या घरात मेतकूट-भात आहे, तूप आहे, हुलग्याचं पिठलं आहे, थालीपीठ आहे ज्यात चार-पाच धान्यं-डाळी एकदम येतात. कोकणात असाल तर सुकट-जवळा आहे, चिमूटभर भाजून कुटून भातावर टाकला तर त्यात प्रोटीन ठासून भरलेलं आहे. मांसाहारी घरात तर प्रश्नच नाही, एक अंडं म्हणजे सहा ग्रॅम, पोराचा तिसरा हिस्सा तिथेच उरकला. नुसतं पोराने खाल्लं पाहिजे, आणि त्यासाठी मोबाइल बाजूला ठेवून घरातलं कोणीतरी त्याच्यासोबत जेवायला बसलं पाहिजे, हा भाग कुठल्याच डब्यात मिळत नाही.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढा कागद काळा केला. तीच कुटुंब पाहणी सांगते की महाराष्ट्रात पाच वर्षाखालची ३५.२ टक्के पोरं वयाच्या मानाने बुटकी आहेत आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोड. या पोरांसाठी २ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाड्यांची ही बालविकास योजना सुरू झाली, पन्नास वर्षं झाली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने अंगणवाडीतल्या पोराला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रोटीनचा हक्क दिला, कुपोषित असेल तर ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम. बघा, दिवसाचं जवळजवळ सगळं प्रोटीन कायद्याने अंगणवाडीच्या खिचडीत टाकलं. कागदावर इतकं चांगलं आहे की काही विचारू नका.

आणि त्यासाठी पैसे किती, तर २०१७ ला ठरलेले एका पोरामागे दिवसाला आठ रुपये, तीव्र कुपोषिताला बारा. गहू-तांदूळ सरकारकडून स्वस्तात येतो हे धरलं तरी त्या आठ रुपयात डाळ, तेल, मीठ-मिरची, गॅस आणि शिजवणाऱ्या बचत गटाच्या बायकांची मजुरी बसवायची. डाळ कुठल्या भावाला गेली हे तुमच्याच पेपरात बाजारभावाच्या चौकटीत येतं. मग बचत गटाची बाई काय करते, डाळीत पाणी वाढवते. म्हणजे घरी पण वरणाचं पाणी आणि अंगणवाडीत पण. तिला दोष देऊन उपयोग नाही, तिचं बिल तीन-तीन चार-चार महिने निघत नाही आणि ती दुकानातून उधारीवर डाळ आणते हे मी माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांत, बघितलंय. २०२५ च्या केंद्राच्या बजेटमध्ये हे दर योग्य तेवढे वाढवू असं सांगितलं गेलं. योग्य तेवढे म्हणजे किती हे प्रत्येक पेपराने दर महिन्याला विचारायला पाहिजे, तुम्ही विचारलं का?

माझं सरळ म्हणणं आहे की दर वाढतील तेव्हा त्यात अंडं लिहून टाका. खिचडीत पाणी वाढवता येतं, अंड्यात काही करता येत नाही, एक म्हणजे एक, आई पण मोजू शकते आणि पोर पण. सोलून पोराच्या हातात दिलं की कोणाला ते पातळ करता येत नाही. शिवाय डाळ-तांदळात जे मिळत नाही ते बी-१२ जीवनसत्त्व त्यात आहे. तामिळनाडूत अंगणवाडीतल्या दोन वर्षावरच्या पोरांना आठवड्याला तीन अंडी मिळतात, तिथलं सरकार काही आपल्यापेक्षा श्रीमंत नाही. आपल्याकडे सुद्धा आदिवासी भागात अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत पोरांना आठवड्यातून चार दिवस अंडं नाहीतर केळं द्यायचं ठरलेलं आहे. ठरलेलं आहे ते रोज पोचतं का हा वेगळा विषय. पण माझा प्रश्न असा की खटाव-माणच्या मजुराच्या पोराने काय घोडं मारलंय, त्याला ते का नाही? बीडच्या ऊसतोड कामगाराच्या पोराला, जे सहा महिने अंगणवाडीच्या बाहेर फडावर असतं, त्याला का नाही?

उलट आपण मागे जातोय. मोठ्या पोरांच्या शाळेत नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं, आठवड्याला एक फक्त, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचे पैसे द्यायचे बंद केले, पाहिजे तर लोकवर्गणीतून द्या म्हणे. ७२ च्या दुष्काळात राज्याकडे काही नव्हतं तेव्हा कामावर सुकडी वाटली, आमच्या पिढीने ती खाल्ली, मिलोची तांबडी भाकरी खाल्ली. आता इतके रस्ते आणि पूल झाल्यावर पोरांच्या अंड्याला वर्गणी मागायची? सेविकांच्या हातात मोबाइल दिलेत, पोराचा फोटो आणि वजन अॅपवर चढवा, नेट नसलं तर टेकडीवर जा. वजन मोजून वजन वाढत नाही हो, खाऊन वाढतं, आणि हे त्या बायांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. डिसेंबर २०२३ मध्ये त्या संपावर गेल्या तेव्हा अंगणवाड्या बंद राहिल्या म्हणून बातम्या आल्या, त्यांच्या मागण्या मात्र बातमीच्या शेवटच्या ओळीत होत्या.

तेव्हा तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. एक तर असली अर्धी पानं छापायची असतील तर 'जाहिरात' हा शब्द मथळ्याएवढ्याच टाइपात छापा, आणि त्यात प्रोटीन लिहिलं असेल तर साखर पण लिहायला लावा. दुसरं, तुमचे तालुक्या-तालुक्यात वार्ताहर आहेत, त्यांना एक दिवस सकाळी साडेदहा-अकराला न सांगता अंगणवाडीत पाठवा आणि त्या दिवशीच्या वाटीत डाळ किती होती तेवढं छापा. अंड्याला ज्यांचा विरोध आहे त्यांनी लगेच पत्रं लिहायची गरज नाही, न खाणाऱ्याला केळं द्यायची सोय अमृत आहारात पहिल्यापासून आहे, त्यात गूळ-दाण्याचा लाडू जोडा म्हणजे प्रोटीनचा पण प्रश्न मिटला, आणि ते करायला नवीन समिती लागत नाही.

आपली,
एक निवृत्त मुख्यसेविका
ता. खटाव, जि. सातारा